डायोडचा बाण: करंट कुठून आत, कुठून बाहेर

दहावीच्या विज्ञानात मुलं एक वाक्य पाठ करतात: करंट प्लसकडून मायनसकडे वाहतो, पण इलेक्ट्रॉन मायनसकडून प्लसकडे जातात. परीक्षेत त्याचा एखादा मार्क मिळतो आणि गोष्ट तिथेच राहते. बारावीला डायोडची, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागाची, आकृती समोर आली की तीच गोष्ट पुन्हा डोकं वर काढते. त्रिकोणाचं टोक एका बाजूला, इलेक्ट्रॉन दुसऱ्या बाजूला. मग हा बाण दाखवतो तरी काय?

आता हा प्रश्न मुलांपुरता राहिलेला नाही. २०२४च्या फेब्रुवारीत पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू झाली, तेव्हापासून छपरावर पॅनेल घालावं का, ही चर्चा घरोघरी ऐकू येते. पॅनेल दाखवायला आलेला माणूस ‘आत बायपास डायोड आहेत’ असं सांगतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. ऐकणारा मान हलवतो. चवथीच्या माळा, दिवाळीतल्या नरकासुराच्या पुतळ्याचे लाल डोळे, विहिरीच्या पंपाचा ऑटोमॅटिक स्विच, मोबाइलचा चार्जर या सगळ्यांत डायोड आहे, आणि तो उलटा बसला तर यातलं काहीच चालत नाही.

फोंड्याला मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवताना मला एक गोष्ट पक्की पटली आहे. डायोडच्या दोन टोकांना प्लस आणि मायनस म्हणायचं सोडून द्यावं. एक टोक करंट आत येण्याचं, दुसरं बाहेर पडण्याचं, असं म्हणावं. गोंधळ बहुतेक वेळा प्लस-मायनसच्या चिठ्ठ्या चिकटवल्यामुळे होतो.

चिन्हात काय असतं

एक त्रिकोण, त्याच्या टोकाला टेकलेली एक रेघ, आणि दोन्हीकडे वायर. एवढंच चिन्ह. त्रिकोणाची सपाट बाजू ज्या टोकाला आहे ते टोक ॲनोड. रेघेकडचं टोक कॅथोड. करंट ॲनोडमधून आत शिरतो, त्रिकोण दाखवतो त्या दिशेने जातो आणि कॅथोडमधून बाहेर पडतो. उलटीकडून आला तर रेघ आडवी आहेच. ॲनोड आणि कॅथोड ही नावं मायकेल फॅरेडेने १८३४ साली वापरात आणली, तेव्हा डायोड नावाची वस्तूच नव्हती. ती नावं पुढे डायोडला लागली, आणि त्याचा थोडा त्रास आपण अजून सोसतो. त्याबद्दल पुढे सांगतो.

आता खरा डायोड हातात घ्या. दुकानात ‘फोर थाउजंड सेव्हन’ मागितला की जो मिळतो तो १एन४००७. जेमतेम पाच मिलिमीटर लांबीचा काळा दंडगोल, दोन्ही टोकांतून निघालेली सरळ चकचकीत तार, आणि एका टोकाजवळ चंदेरी पट्टी. ही पट्टी म्हणजेच चिन्हातली रेघ. बोर्डावर छापलेल्या आकृतीतही पट्टीच्या जागी पांढरी रेघ असते. रेघेवर रेघ ठेवायची, डायोड बरोबर बसतो. १एन४१४८ हा छोटा काचेचा डायोड असतो, त्याच्यावर काळी पट्टी असते. रंग वेगळा, अर्थ तोच.

एकाच बाजूने का जाऊ देतो?

हे समजायला गोव्यातल्या माणसाला लांब जावं लागत नाही. चोडण-दिवाडीला किंवा मांडवी-जुवारीच्या काठी कुठेही खाजन, म्हणजे खाऱ्या पाण्याकाठी बांध घालून केलेली, शेती असेल तिथे बांधात मानस, म्हणजे पाण्याचं दार, बघायला मिळते. ओहोटीला नदी उतरली की शेतातलं पाणी मानशीची लाकडी दारं बाहेर ढकलतं आणि नदीत जातं. भरतीला खारं पाणी त्याच दारांवर बाहेरून दाब देतं आणि दारं घट्ट मिटतात. दाब कुठल्या बाजूला जास्त आहे, तेवढ्यावरच दार उघडतं किंवा बंद होतं. दिवसातून दोन वेळा भरती, दोन वेळा ओहोटी, आणि तरी शेतात खारं पाणी शिरत नाही.

डायोडचं काम हेच आहे. पाण्याचा दाब म्हणजे व्होल्टेज, पाण्याचा प्रवाह म्हणजे करंट. मानशीची आणखी तीन लक्षणंही डायोडमध्ये जशीच्या तशी सापडतात.

दार जड असतं. दोन्हीकडच्या पातळीत थोडाही फरक नसेल तर ते हलत नाही. सिलिकॉनच्या डायोडला उघडायला साधारण ०.६ ते ०.७ व्होल्ट लागतात, आणि चालू असेपर्यंत तेवढे व्होल्ट तो स्वतःकडे ठेवून घेतो. जुन्या रेडिओतल्या जर्मेनियमच्या डायोडला ०.३च्या आसपास पुरत असत. शॉट्की नावाचा प्रकारही असाच हलका आहे, म्हणून चार्जरमध्ये तो आवडीने घालतात. त्याच्या चिन्हातल्या रेघेची टोकं इंग्रजी एस अक्षरासारखी वळवलेली असतात.

मिटलेल्या दाराच्या फटीतूनही थोडं पाणी झिरपतं. डायोडमधून उलट दिशेने काही मायक्रोॲम्पियर करंट गळतोच, आणि डायोड तापला की गळती वाढते.

तिसरं लक्षण काळजीचं. भरती प्रमाणाबाहेर चढली तर दार टिकत नाही, कधी बांधच फुटतो. प्रत्येक डायोडची उलटा दाब सोसायची एक मर्यादा असते. १एन४००१ची ५० व्होल्ट, १एन४००७ची १००० व्होल्ट. बाहेरून दोघे हुबेहूब सारखे दिसतात, म्हणून दुरुस्ती करताना आकडा वाचूनच डायोड घ्यावा.

फरक एवढाच, की डायोडच्या आत हलणारं दार नाही. आहे तो सिलिकॉनचा एक तुकडा. त्याच्या एका भागात बोरॉन मिसळलेलं असतं, दुसऱ्या भागात फॉस्फरससारखा पदार्थ. फॉस्फरसच्या भागात मोकळे इलेक्ट्रॉन जास्त होतात, त्याला एन म्हणतात. बोरॉनच्या भागात इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा तयार होतात, त्याला पी म्हणतात. या रिकाम्या जागांना होल म्हणतात, आणि त्या धन भारासारख्या वागतात. दोन्ही भाग जिथे जुळतात त्या सीमेवर इलेक्ट्रॉन आणि होल एकमेकांत मिसळून संपतात, आणि एक पातळ, मोकळा भार नसलेला पट्टा उरतो. पी भागाला प्लस आणि एन भागाला मायनस जोडला की दोन्हीकडचे भार सीमेकडे ढकलले जातात, पट्टा अरुंद होतो आणि करंट सुरू होतो. जोडणी उलटी केली की दोन्हीकडचे भार मागे सरतात, पट्टा रुंदावतो आणि वाट बंद होते. चिन्हातला त्रिकोण म्हणजे पी, रेघ म्हणजे एन.

मग इलेक्ट्रॉन उलटे का जातात?

१७४७च्या सुमारास अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन घर्षणाने तयार होणाऱ्या विजेचे प्रयोग करत होता. त्याने मांडलं की वीज हा एकच प्रवाही पदार्थ आहे. तो जिथे जास्त साठला तिथे प्लस, जिथे कमी पडला तिथे मायनस. पण जास्त नेमका कुठे साठला, हे बघायचं साधन त्या काळी कोणाकडेच नव्हतं. एक बाजू निवडावी लागणार होती, त्याने निवडली. पुढे अँपिअर, ओहम, फॅरेडे, मॅक्सवेल यांनी आपले सगळे नियम त्याच निवडीवर उभारले. १८९७ साली जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉन ओळखला, तेव्हा कळलं की तारेत धावणारा कण ऋण भाराचा आहे. म्हणजे ठरलेली दिशा आणि कणाची दिशा एकमेकांच्या उलट निघाली. तोवर दीडशे वर्षं लोटली होती.

प्लसकडून मायनसकडे जाणाऱ्या या ठरलेल्या दिशेला कन्व्हेन्शनल करंट म्हणतात. डायोडचा, ट्रान्झिस्टरचा, कुठल्याही चिन्हातला करंटचा बाण हीच दिशा दाखवतो. इलेक्ट्रॉनची दिशा दाखवायचं काम त्याला कधी दिलेलंच नव्हतं.

डायोडच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट आहे. वर्गात कोणीतरी हमखास म्हणतो, ‘सर, म्हणजे बाणाच्या दिशेने खरं तर काहीच जात नाही.’ तसं नाही. पी भागात होल बाणाच्या दिशेने सरकतात. एन भागातले इलेक्ट्रॉन बाणाच्या विरुद्ध येतात. दोघांची सीमेवर गाठ पडते. धन भार उजवीकडे गेला काय किंवा ऋण भार डावीकडे गेला काय, हिशेबाला करंट एकाच दिशेचा धरला जातो.

चूक कळल्यावर दिशा बदलली का नाही?

पहिलं कारण, बदलून उत्तरात फरक पडत नाही. बल्ब तेवढाच पेटतो, रेझिस्टर तेवढाच तापतो, ओहमचा नियम तोच आकडा देतो. सर्किटच्या हिशेबात तुम्ही कुठली दिशा धरली यापेक्षा शेवटपर्यंत तीच धरली का, हे महत्त्वाचं.

दुसरं कारण मला जास्त पटतं. इलेक्ट्रॉनची दिशा हीच ‘खरी’ दिशा, असं धरलं तर तांब्याच्या तारेपलीकडे अडचण येते. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी घ्या. तिच्या आम्लात करंट वाहतो तो आयनांमुळे, म्हणजे भार असलेल्या कणांमुळे. धन आयन एकीकडे जातात, ऋण आयन दुसरीकडे, दोन्ही एकाच वेळी. तिथे कुठल्या कणाच्या मागे जायचं? भार कुठलाही असो, हिशेबाला एक दिशा हवी, म्हणून ठरलेली दिशा उपयोगी पडते.

भाराचं चिन्ह खरोखर कळावं लागतं असे प्रसंगही आहेत. एडविन हॉलने १८७९ साली चुंबकाजवळच्या धातूच्या पातळ पत्र्यात आडवं व्होल्टेज मोजलं. तारेत धन भार धावतोय की ऋण, यावर त्या व्होल्टेजची दिशा ठरते. आज सेमीकंडक्टरचा, म्हणजे सिलिकॉनसारख्या पदार्थाचा, तुकडा पी आहे की एन, हे ठरवायला हीच पद्धत वापरतात. पण चार्जर दुरुस्त करणाऱ्याला त्याची गरज पडत नाही.

अमेरिकेच्या नौदलाच्या प्रशिक्षण-पुस्तिकांत इलेक्ट्रॉनचीच दिशा धरून शिकवलेलं आहे. त्या वाचून आलेला माणूस म्हणतो, इलेक्ट्रॉन बाणाच्या टोकाकडून आत येतात. त्याचंही बरोबर आहे. इंटरनेटवर दोन्ही तऱ्हेचं साहित्य असतं, आणि अर्धं इथलं, अर्धं तिथलं वाचलं की मुलं अडकतात. वाचायला घेताना लेखकाने कुठली दिशा धरली आहे, हे पहिल्या पानावर बघून घ्यावं.

पट्टी मायनसची, मग तिथून प्लस कसा निघतो?

सगळ्यांत जास्त माणसं इथे अडखळतात, म्हणून इथे जरा थांबू.

घरातल्या प्लगमध्ये २३० व्होल्ट एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी वीज, येते. ५० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला पन्नास भरत्या आणि पन्नास ओहोट्या. ट्रान्सफॉर्मरने ती १२ व्होल्टवर आणली तरी दिशा तशीच बदलत राहते. मध्ये एक डायोड घातला की एकाच दिशेचा अर्धा भाग पलीकडे जातो. ट्रान्सफॉर्मरची तार ॲनोडला जोडायची, पट्टीच्या टोकाकडून करंट बाहेर निघतो, आणि ते टोक होतं पॉवर सप्लायचं प्लस.

इथे विद्यार्थी विचारतो, ‘पट्टी म्हणजे कॅथोड, कॅथोड म्हणजे मायनस, मग प्लस कसा?’ त्याच्या डोक्यात चिठ्ठी चिकटलेली आहे. ती काढली की उत्तर सरळ आहे. पट्टी म्हणजे बाहेर पडायचं टोक. जिथून करंट बाहेर पडून पुढच्या बल्बकडे किंवा रेडिओकडे जातो, ती जागा पुढच्या वस्तूच्या दृष्टीने प्लस. चालू असताना ॲनोडवर कॅथोडपेक्षा ०.७ व्होल्ट जास्त असतात, एवढाच काय तो ‘मायनस’. म्हणजे ॲनोडवर १२.७ आणि कॅथोडवर १२ असू शकतात. दोन्ही जमिनीपेक्षा, म्हणजे सर्किटच्या शून्य व्होल्टपेक्षा, चांगलेच वर.

गोंधळात भर घालतो तो शेजारचा कपॅसिटर, म्हणजे भार साठवून ठेवणारा भाग. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरच्या डब्यावरही एक उभा पट्टा असतो, त्यावर मायनसच्या खुणा छापलेल्या असतात, आणि तो पट्टा खरोखर मायनसचाच असतो. कुठल्याही ॲडॉप्टरचा बोर्ड उघडून बघा. डायोडच्या पट्टीकडचा पाय ज्या तांब्याच्या वाटेवर येतो, त्याच वाटेवर कपॅसिटरचा पट्टा नसलेला पाय असतो. पट्ट्याला पट्टा जुळवायला गेलात तर कपॅसिटर उलटा बसेल, फुगेल आणि फुटेल. दोन वस्तूंवरच्या पट्ट्यांचे अर्थ वेगळे आहेत, हे वर्गात फळ्यावर लिहून ठेवण्यासारखं आहे.

एसीचे दोन्ही अर्धे भाग वापरणारा चार डायोडचा ब्रिज त्यामानाने सोपा, फक्त एक युक्ती लक्षात ठेवायची. चौकोनाच्या ज्या कोपऱ्यात दोन पट्ट्या भेटतात, तिथून दोघांचाही करंट बाहेर पडतो. तो प्लस. ज्या कोपऱ्यात दोन ॲनोड भेटतात तो मायनस. उरलेले दोन कोपरे एसीचे, त्यांत उलटसुलट काही नाही. यामुळे भरती आणि ओहोटी दोन्ही कामी येतात. १२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरचं शिखर सुमारे १७ व्होल्टचं असतं. करंट दर वेळी दोन डायोडमधून जातो म्हणून १.४ व्होल्ट वजा होतात आणि कपॅसिटरवर साधारण १५.५ व्होल्ट मिळतात. ‘बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घेतला, मीटर पंधरा का दाखवतो?’ या प्रश्नाचं उत्तर हेच.

चारांपैकी एक जरी उलटा बसला, तर अर्ध्या वेळेला ट्रान्सफॉर्मरची दोन टोकं दोन डायोडमधून थेट जोडली जातात. फ्यूज असेल तर तो जातो, नसेल तर डायोड जळतो. वीज द्यायच्या आधी दोन पट्ट्यांचा कोपरा शोधून बोट ठेवायची सवय मुलांना लावावी.

मुद्दाम उलटे लावलेले डायोड

पंपाच्या ऑटोमॅटिक कंट्रोलरमध्ये रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, असतो. त्याच्या कॉइलच्या, म्हणजे तारेच्या गुंडाळीच्या, दोन पायांवर एक डायोड आडवा टाकलेला दिसतो, पट्टी प्लसकडे. बघणाऱ्याला वाटतं, कोणीतरी उलटा लावला. नेहमीच्या वेळी तो बंदच असतो, आणि तसाच असायला हवा. पण रिले चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरने करंट तोडला त्या क्षणी कॉइल करंट तसाच चालू ठेवायचा प्रयत्न करते, त्यामुळे तिच्या टोकांवर क्षणभर शंभरावर व्होल्ट उसळतात. तो झटका ट्रान्झिस्टरला मारतो. डायोड असला की कॉइलचा करंट त्याच्यातून गोल फिरून विरतो. ‘सरळ’ करायला म्हणून तो कोणी फिरवला, तर सप्लायच शॉर्ट होतो.

झेनर डायोड तर कामच उलट्या दिशेने करतो. त्याच्या चिन्हात रेघेची दोन टोकं विरुद्ध बाजूंना मोडलेली असतात. ठरावीक व्होल्टेजला, समजा ५.१ व्होल्टला, तो उलट्या दिशेने करंट जाऊ देतो आणि तरी खराब होत नाही. मात्र पुढे रेझिस्टर घालून करंटला आवर घालावा लागतो. म्हणून झेनरची पट्टी प्लसकडे ठेवतात. सरळ लावला तर तो साध्या डायोडसारखा वागतो आणि ५.१ऐवजी ०.७ व्होल्ट देतो.

इथे माझ्या ‘आत आणि बाहेर’ला एक पुरवणी जोडावी लागते. झेनर चालतो तेव्हा करंट कॅथोडमधून आत येतो. तरी नाव कॅथोडच राहतं, कारण डायोडमध्ये नावं सरळ दिशेवरून ठरतात आणि मग बदलत नाहीत. बॅटरीत तसं नाही. तिथे करंट ज्या टोकातून आत शिरतो ते ॲनोड, म्हणून सेल वापरात असताना त्याचं मायनस टोक ॲनोड ठरतं. रसायनशास्त्राच्या तासाला ॲनोड मायनस आणि फिजिक्सच्या तासाला ॲनोड प्लसकडे, हे ऐकून मुलं भांबावतात. पण दोन्हीकडे मूळ नियम एकच आहे, करंट आत कुठून शिरतो तो.

एलईडी, आणि चिन्हावरचे छोटे बाण

एलईडीच्या चिन्हात त्रिकोण-रेघ तीच, शेजारी दोन छोटे बाण बाहेर जाणारे. ते प्रकाशाचे बाण, करंटचे नव्हेत. तेच बाण आत येताना दाखवले की चिन्ह फोटोडायोडचं होतं.

नव्या एलईडीचा लांब पाय ॲनोड. पाय कापलेले असतील तर गोल कडेवर जिथे सपाट भाग आहे तो कॅथोड. बोर्डावर चिकटवायच्या बारीक एलईडीवर हिरवा ठिपका किंवा त्रिकोण असतो, पण त्याचा अर्थ कंपनीगणिक बदलतो, तिथे मीटर लावूनच खात्री करावी.

नरकासुराच्या दोन डोळ्यांसाठी दोन लाल एलईडी घेतले, एकामागून एक जोडले, तर दोघे मिळून साधारण ४ व्होल्ट घेतात. १२ व्होल्टची बॅटरी असेल तर उरले ८. करंट १० मिलिॲम्पियर ठेवायचा तर रेझिस्टर ८०० ओहम. दुकानात ८२० मिळतो, तो चालतो. एक एलईडी उलटा लागला तर दोन्ही डोळे मिटलेले राहतात, कारण वाट एकच आहे. आणि एलईडी उलटा दाब फार सोसत नाही. बहुतेकांची मर्यादा ५ व्होल्टची असते, म्हणून ‘उलटसुलट लावून बघू’ हा प्रयोग रेझिस्टर आणि कमी व्होल्टच्या बॅटरीवरच करावा.

छपरावरच्या पॅनेलमध्ये डायोड काय करतो?

सोलर सेल हा स्वतःच एक पसरट डायोड आहे. प्रकाशाने त्याच्यात इलेक्ट्रॉन आणि होल सुटतात. सीमेवरचं विद्युतक्षेत्र इलेक्ट्रॉनना एन भागाकडे आणि होलना पी भागाकडे ढकलतं. त्यामुळे पी भाग प्लस होतो आणि बाहेरच्या तारेत करंट तिथून निघतो. म्हणजे सेलच्या आत करंट त्रिकोणाच्या उलट्या दिशेने गेला. यात नियम मोडला नाही. डायोड करंट घेतो तेव्हा तो बाणाने जातो. सेल करंट तयार करून देतो, तेव्हा त्याला आतून उलटं ढकलणारा प्रकाश आहे.

साठ सेलच्या पॅनेलमध्ये सगळे सेल एकामागून एक जोडलेले असतात, आणि वीस-वीसच्या तीन गटांवर एकेक बायपास डायोड असतो. मागच्या काळ्या डब्यात ते बसवलेले असतात. समजा, शेजारच्या माडाची चूडत एका कोपऱ्यावर सावली टाकते. सावलीतला सेल करंट देऊ शकत नाही आणि इतरांचाही अडवून धरतो. बाकीचे सेल त्याच्यावर उलटा दाब टाकतात, तो तापतो, आणि तिथे करपलेला डाग पडू शकतो. बायपास डायोड असला की करंट त्या वीसांच्या गटाला वळसा घालून पुढे जातो. एका गटाची वीज गेली, दोन गटांची वाचली. ऊन पूर्ण असताना हा डायोड उलट्या दाबाखाली बंद असतो, कारण त्याची पट्टी गटाच्या प्लस टोकाकडे असते. नव्या पॅनेलमध्ये सेल अर्धे कापून दोन ओळींत जोडतात, पण तीन डायोडची कल्पना तीच राहते.

‘डायोड आहेत ना, मग माड आड आला तरी काय बिघडलं?’ असं कोणी म्हणेल. बिघडतं. डायोड सेल वाचवतो, गेलेली वीज परत देत नाही. एका चूडतीपायी तिसरा हिस्सा जात असेल तर पॅनेलची जागा दोन हात सरकवणं केव्हाही चांगलं.

वीज कडाडून गेल्यावर, मिरगाच्या आधीच्या गडगडाटात विशेषकरून, बायपास डायोड शॉर्ट होऊ शकतो. मग भर उन्हातही त्या पॅनेलचं व्होल्टेज कायमचं एक तृतीयांश कमी दिसतं. साठ सेलच्या पॅनेलवर मोकळे असताना ३६च्या आसपास व्होल्ट यायला हवेत. २४ येत असतील तर संशय डायोडवर घ्यावा. डायोड आतून तुटला तर लक्षण दिसत नाही, सावली पडेल तेव्हा सेल तापतो, आणि म्हणून ते जास्त वाईट. ही तपासणी मात्र बसवणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या. छपरावर पॅनेल एकामागून एक जोडून काही शे व्होल्टची डीसी झालेली असते, आणि उन्हात ती बंद करायला बटण नसतं.

मीटरने ओळखताना

डिजिटल मीटर डायोडच्या खुणेवर ठेवा. लाल टोक ॲनोडला, काळं टोक पट्टीला. चांगला सिलिकॉन डायोड ०.५ ते ०.७ दाखवतो. टोकं फिरवली की ओएल किंवा नुसता १, म्हणजे करंट जात नाही ही खूण, दिसला पाहिजे. दोन्हीकडे शून्याजवळ आकडा आला तर डायोड शॉर्ट. दोन्हीकडे ओएल आला तर तुटलेला. बोर्डावर बसलेला डायोड तपासताना शेजारच्या भागांमुळे आकडा फसवतो, संशय असेल तर एक पाय सोडवून बघावं.

काट्याचा जुना मीटर वापरत असाल तर सावध राहा. त्यातल्या बऱ्याच मीटरमध्ये ओहमच्या खुणेवर आतल्या सेलचं प्लस काळ्या टोकावर येतं. तिथे काळं टोक ॲनोडला लावल्यावर काटा हलतो आणि माणूस पट्टी चुकीच्या बाजूला छापली आहे असं समजून बसतो. असा मीटर हातात आला की आधी पट्टी स्वच्छ दिसणारा एक चांगला डायोड त्याला लावून बघावा, कुठलं टोक प्लस आहे ते एकदा कळलं की मीटरच्या पाठीवर चिकटपट्टी लावून तसं लिहून ठेवावं.